प्लांटेड टँकमधला एकच मासा बाहेर काढायचाय, झाडं न उपटता. कसा?

शेवाळराव
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो पण आता अगदी नाकी नऊ आलेत म्हणून धागा काढतोय. टँक ३ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) चालू, मागे व्हॅलिसनेरिया आणि रोटालाचं रान, मधे मोठं ड्रिफ्टवूड त्यावर जावा फर्न आणि अनुबियास बांधलेले, पुढे क्रिप्टोकोरीन. सगळं नीट बसायला खूप वेळ गेलाय. मासे म्हणजे एंजल, रमीनोज टेट्रा, थोडे कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश), आणि एक महाशय जे दुकानातून 'सायमीज अल्गी ईटर' म्हणून आणले होते. लहान असताना गुणी बाळ होतं, दिवसभर पानं चाटायचं. आता चांगलं बोटभर लांब झालंय आणि एंजलच्या अंगाला चिकटतं. दोन एंजलच्या कुशीवर पांढरे लालसर चट्टे आलेत. जाळी पाण्यात घातली रे घातली की साहेब ड्रिफ्टवूडखाली, तिथून व्हॅलिसनेरियात, आणि मी हात कोपरापर्यंत ओला करून उभा. बायको म्हणते टँक रिकामा कर. मला झाडं वाचवायची आहेत. काय करू?

टॉर्चबाई
फोटो टाका आधी. सायमीज एंजलला चिकटत नाही, मला वेगळाच संशय येतोय.

गप्पीवाला
कांदा टोमॅटो लावून तव्यावर, दुसरा उपाय नाही. (दिवे घ्या)

शेवाळराव
फोटो टाकलाय. धूसर आहे कारण तो एका जागी थांबत नाही.

टॉर्चबाई
वाटलंच. हा चायनीज अल्गी ईटर. ओळख सोपी आहे: सायमीजची काळी पट्टी सरळ शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि तोंड साध्या माशासारखं असतं. चायनीजचं तोंड खालच्या बाजूला, गोल, चोषक असल्यासारखं, आणि पट्टी तुटक ठिपक्यांची. नाव चायनीज असलं तरी तो मुळचा थायलंड, लाओस, कंबोडियाकडच्या नद्यांचा, मेकाँग वगैरे. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळाचा कंटाळा येतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खायला लागतो, त्यात एंजल आणि डिस्कस पहिले बळी. नदीत तो फूटभराच्या आसपास जातो, तुमचा तर अजून पोरगा आहे. काढायलाच हवा, उगाच 'सुधारेल' म्हणून वाट बघू नका.

निळी_जाळी
+१. आणि शेवाळराव, जाळी घेऊन पाठलाग करणं आजपासून बंद. तुम्ही त्याला रोज पळायची प्रॅक्टिस देताय.

कोल्हापुरी_बार्ब
झाडंबिडं काय घेऊन बसलात, पाणी काढा. मी टायगर बार्ब असेच काढले होते. ८०% पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, ४ इंच पाणी राहिलं की मासा जाणार कुठे? दहा मिनिटांचं काम. तेच पाणी परत ओतायचं. तुम्ही लोक उगाच रॉकेट सायन्स करता.

क्रिप्टवेडी
कोल्हापुरी, तुमच्या टँकमधे प्लास्टिकची झाडं आहेत, मी तुमचे फोटो पाहिलेत :)
खऱ्या झाडांच्या टँकमधे पाणी खाली गेलं की काय होतं ते सांगते. व्हॅलिसनेरियाची पानं दोन दोन फूट, ती सगळी आडवी पडतात, रोटालाच्या काड्या त्यावर झोपतात आणि वरून हिरवं छप्पर तयार होतं. मासा त्या छपराखाली. पाणी ४ इंच असो की २, तुम्हाला तो दिसतच नाही. मग माणूस चिडून पानं बाजूला करायला लागतो, मुळं सुटतात, जुनी माती ढवळते आणि त्यातनं अमोनिया. मासा एक आणि आजारी सगळे.
पाणी काढायचंच असेल तर आदल्या दिवशी काड्या छाटून घ्या, तशीही छाटायची वेळ आलेली असतेच. रोटाला बुंध्याशी कापला तरी परत फुटतो. व्हॅलिसनेरियाची पानं एका बाजूला वळवून ढिल्या दोऱ्याने जुडी बांधा. क्रिप्टोकोरीनला मात्र हात लावायचा नाही, जागेवरून हलवलं की पानं विरघळतात. मुळातून परत येतात पण महिनाभर टक्कल बघत बसावं लागतं.

कोल्हापुरी_बार्ब
बरं बाई, छाटा आधी. पण पाणी काढल्याशिवाय काही होत नाही ह्यावर मी ठाम.

निळी_जाळी
पाणी काढण्याआधी हीटर बंद करा आणि थोडा वेळ गार होऊ द्या, हे कुणी सांगितलं नाही अजून. गरम हीटर हवेत उघडा पडला की त्याची काच तडकते. फिल्टर बंद. सीओटू पण बंद, कारण पाणी कमी असताना तेवढाच गॅस सोडला तर मासे वर येऊन आ वासतात, आणि घाबरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्तच लागतो.

खाडीकाठचा
वाचतोय. आमच्याकडे रायगडात ह्याला इतका विचार करत नाहीत. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला की वलगण लागते, मासे ओढ्यातनं उलटे वर चढून भातखाचरात येतात अंडी घालायला. आजोबा शेताच्या बांधाला खिंडार पाडून त्यात बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचे, तोंड रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, आत गेलेला परत येत नाही. रात्री लावून घरी येऊन झोपायचं. माशामागे कोण धावतं? मासा आपल्या पायाने (पंखाने?) येतो.
शेवाळराव, बाटलीचा सापळा करा. तीच गोष्ट आहे.

टॉर्चबाई
बाटलीचा सापळा बेस्ट, पण जरा नीट करा. साध्या २ लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड दोन सेंटीमीटरच्या आसपास असतं. टेट्रा, लोच ह्यांना चालतं, बोटभर चायनीजला नाही, तो डोकं घालून बघेल आणि मागे फिरेल. ५ लिटरची पिण्याच्या पाण्याची बाटली घ्या, तिचं तोंड मोठं. खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून आत घाला, कडेला तापलेल्या सुईने भोकं पाडून मासेमारीच्या दोऱ्याने शिवा. चिकटपट्टी किंवा गोंद नको. कापलेली कड धारदार राहते, ती मेणबत्तीवर जराशी फिरवून बोथट करा. बाटलीभर बारीक भोकं पाडा, त्यातनं पाणी खेळायला हवं. तळाशी धुतलेला दगड. आमिष म्हणून काकडीची चकती उकळत्या पाण्यातनं काढलेली, हा मासा काकडीला भुलतो.
आणि रात्रभर लावून झोपू नका. खाडीकाठच्या आजोबांच्या सापळ्यातनं वाहतं पाणी जात होतं. बंद बाटलीत दोन चार मासे अडकले आणि आमिष कुजायला लागलं तर सकाळी मेलेले मिळतील. लावायचा तेव्हा समोर खुर्ची टाकून बसायचं.

खाडीकाठचा
हे बरोबर. अजून एक, सापळा कुठे ठेवायचा ते महत्त्वाचं. फिल्टरचं पाणी जिथे पडतं त्या धारेत ठेवा, म्हणजे धार बाटलीतून जाईल आणि काकडीचा वास टँकभर पसरेल, मासा वासाच्या दिशेने धारेविरुद्ध येईल. कोपऱ्यात ठेवलात तर वास कोपऱ्यातच.

क्रिप्टवेडी
वा! हे मला कधी सुचलं नव्हतं.

रोटालाप्रेमी_पुणे
लवंगाचं तेल टाका थोडं, सगळे गुंगतात, हवा तो उचला. कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय.

टॉर्चबाई
नको नको नको. त्यातल्या युजेनॉलने भूल पडते हे खरं, पण ती वेगळ्या भांड्यात, मोजून, एकेका माशाला. १९० लिटरच्या टँकमधे अंदाजाने ओतलंत तर आधी टेट्रा आडवे होतील आणि चायनीज ड्रिफ्टवूडखालीच बेशुद्ध पडेल, मग काढा शोधून. तेल पाण्यात नीट मिसळत पण नाही, एका जागी जास्त एका जागी कमी. व्हिडिओवाल्यांना दुसऱ्या दिवशी काय झालं ते विचारा.

रोटालाप्रेमी_पुणे
बरं. मागे घेतो.

शेवाळराव
मंडळी धन्यवाद. काल सापळा केला, धारेत ठेवला, काकडी घातली. अर्ध्या तासात कोरी आत. सगळे. मग एक एंजल येऊन तोंडाशी उभा राहिला, बहुतेक कोरींची चौकशी करायला. चायनीज बाटलीच्या बाहेरून चिकटून काकडी बघत होता. बाहेरून!!

गप्पीवाला
हाहाहा, त्याने धागा वाचलेला दिसतोय.

निळी_जाळी
कोरी काढताना जाळी वापरू नका हं. त्यांच्या पंखातला काटा ताठ होऊन जाळीत अडकतो, ओढलं तर पंख फाटतो. बाटली तशीच आडवी करून पाण्याखाली सोडा. कधी अडकलाच तर जाळी कात्रीने कापा, जाळी तीस रुपयांची.

खाडीकाठचा
अवांतर: आमच्याकडच्या शिंगीचा काटा लागला तर रात्रभर ठणका. लहानपणी सगळ्यांनी एकदा तरी खाल्लाय.

कोची_रिटर्न
अवांतरात अवांतर. मी नोकरीनिमित्त केरळात होते तेव्हा मिस केरळ पाळले होते, डेनिसन बार्ब म्हणतात ते, लाल काळी पट्टी, शेपटीवर पिवळं काळं. आपल्याच सह्याद्रीतला मासा, शास्त्रीय नावातपण 'सह्याद्रिया' आहे, २०१३ पासून. चालियार, वळपट्टणम अशा नद्यांत मिळतो. बाहेरदेशी इतकी मागणी की नदीतनं उपसून उपसून आता धोक्यात आलेल्या यादीत आहे, म्हणून घ्यायचेच तर हौदात पैदास केलेले घ्या.
सांगायचा मुद्दा, घर बदलताना ते पकडायचे होते. कळपाने फिरतात आणि भयानक वेगवान. एकाला पकडलं की बाकीचे शहाणे होतात, मग दिवसभर हाती लागत नाहीत. त्यामुळे तिथे पहिल्याच झटक्यात सगळे घ्यावे लागतात. मी मोठी काळी जाळी खाण्याच्या जागेखाली रोज ठेवून द्यायचे, तिच्यावरच खायला टाकायचे. आठवडाभराने ते जाळीला भीक घालेनात. मग एका सकाळी खायला टाकलं आणि सावकाश वर उचलली. हलणारी जाळी शत्रू, थांबलेली जाळी म्हणजे फर्निचर.
हां आणि झाकण. घाबरलेला मासा उडी मारतो, एक माझ्या टीव्हीमागे सापडला होता.

कोल्हापुरी_बार्ब
जाळी पांढरी नको, काळी किंवा गडद हिरवी. पांढरी लांबून दिसते. आणि दोन घ्या, मोठी धरून ठेवायची, छोटीने हाकायचं. लोक मोठीने पाठलाग करतात तिथेच घोळ होतो. (बघा, पाणी न काढता पण सल्ला देतो मी.)

प्राची_न्यूजर्सी
इथे लोक लाइटच्या खालचं चौकटीचं प्लास्टिक जाळं, छताच्या ट्यूबलाइटला असतं ते, टँकच्या रुंदीएवढं कापून पार्टिशन करतात आणि एकेक इंच सरकवत मासा एका बाजूला आणतात. उघड्या टँकमधे मस्त चालतं. पण दाट झाडांत ते तळापर्यंत बसत नाही, खालून फट राहते आणि मासा बरोबर त्याच फटीतनं जातो. मधे मोकळी जागा असेल तरच.

शेवाळराव
मधे मोकळी जागा नाही, ड्रिफ्टवूड आहे.

क्रिप्टवेडी
मग ड्रिफ्टवूड काढा की! जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला बांधलेले आहेत ना, त्यांची मुळं मातीत नाहीत, लाकडासकट उचलायचं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टबात ठेवायचं, तासभर काही होत नाही. झाडं न उपटता अर्धा टँक मोकळा. फक्त उचलताना हळू, आणि लगेच बादलीवर धरून खालची पोकळी बघा, कित्येकदा मासा लाकडातच बसून बाहेर येतो. माझा प्लेको (तोंडाने चिकटणारा मासा) तसाच आला होता, मी आत शोधतेय आणि तो बादलीच्या बाहेर फरशीवर.

उजनीकर
धागा आवडला. मासा काढल्यावर करणार काय ते ठरवलंय का? कारण पुढचं वाक्य 'नदीत सोडतो' असणार असेल तर हात जोडून विनंती, नको. आमच्याकडे उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात, लोक त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. कुणीतरी टँकमधनं आणून सोडलेला. अंगावर चिलखत, खायला कोणी घेत नाही, जाळी फाडतो ते वेगळंच. चिलापी (तिलापिया मासा) आधीच भरपूर आहे, त्यात हे.

शेवाळराव
नाही नाही, दुकानात परत देणार. विचारलंय, घेतो म्हणालेत. पैसे देणार नाहीत.

गप्पीवाला
परत सायमीज म्हणून दुसऱ्याला विकतील.

टॉर्चबाई
हो ना, ती खरी भीती. देताना डब्यावर मार्करने 'चायनीज, एंजलसोबत नको' लिहून द्या. दुकानदार पुसेल पण निदान त्याला कळेल की तुम्हाला कळलंय.

बरं मूळ प्रश्न. शेवाळराव, एक विचारते. रात्री लाइट गेल्यावर तो कुठे बसतो, पाहिलंय का? हा मासा तोंडाने चिकटून झोपतो. बाकी मासे तोंडाने पाणी घेऊन कल्ल्यातनं सोडतात, ह्याचं तोंड चिकटायच्या कामात असतं म्हणून कल्ल्यावर वरच्या बाजूला वेगळी फट आहे, तिथनंच पाणी आत घेतो. म्हणजे तासन् तास चिकटून बसायला त्याला काही अडचण नाही. आणि बहुतेकदा जागा ठरलेली असते. दोन रात्री नुसतं बघा. लाइट बंद झाल्यावर दोनेक तासांनी, टॉर्चवर रुमाल गुंडाळून. एकदम झगझगीत टॉर्च मारला तर टेट्रा भिंतींवर आपटतात.

निळी_जाळी
आता टॉर्चबाईंच्या नावाचा उलगडा झाला.

शेवाळराव
पाहिलं. मागच्या काचेवर, फिल्टरच्या पाइपशेजारी, रोज तिथेच. मी इतकी वर्षं टँक बघतोय आणि लाइट गेल्यावर आत काय चालतं ते कधी पाहिलंच नव्हतं. रमीनोजची नाकं रात्री फिकी पडतात! कोरी एका रांगेत झोपतात!

टॉर्चबाई
मग झालं तुमचं काम. जाळी नको. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या, हॉटेलच्या पार्सलचा असतो तसा, कडा सपाट असलेला. भिंतीवरच्या पालीवर डबा ठेवतात तसा काचेवर सावकाश टेकवायचा, मासा डब्याच्या आत. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड काच आणि डब्याच्या मधनं सरकवायचं. तो काच सोडून डब्याला चिकटेल, चिकटू दे. पाइपशेजारी आहे म्हणता, तर डबा पाइपाच्या उलट बाजूने आणा म्हणजे दचकला तरी पाइपाकडे जाईल, झाडांत नाही. फिल्टर तेवढ्यापुरता बंद. बादलीत आधीच टँकचं पाणी भरून, वर झाकायला ताट घेऊन तयार.

कोल्हापुरी_बार्ब
हे जमलं तर मी बादल्या विकतो.

शेवाळराव
विका!!!
काल रात्री जमलं. पहिल्यांदा डबा पाण्यात आडवा घातला आणि आत हवेचा बुडबुडा राहिला, तो फुटला तसा हा पळाला. तासभर थांबलो, परत त्याच जागी येऊन बसला, काय हट्टी प्राणी. दुसऱ्या वेळी डबा आधी पूर्ण पाण्याने भरून मग आणला. टेकवला तरी हलला नाही. लायब्ररीचं जुनं कार्ड सरकवलं तेव्हा कुठे फडफडला. एकही पान तुटलं नाही, पाणी एक तांब्यासुद्धा काढलं नाही. बादलीत टाकल्यावर त्याने दोनदा ताट वाजवलं, म्हणजे ताट ठेवा हे ज्यांनी सांगितलं त्यांचे आभार.

क्रिप्टवेडी
अभिनंदन! व्हॅलिसनेरियाची जुडी वाचली.

खाडीकाठचा
भले शाब्बास. बाटली फेकू नका, कोरी मोजायला उपयोगी.

नवीन_टँक२३
माझ्याकडे कुहली लोच (सापासारखे बारीक मासे) आहेत, दाट क्रिप्टोकोरीनमधे. रात्री बघितलं तर सगळीकडे असतात, काचेला चिकटत नाहीत. त्यांना काय?

टॉर्चबाई
त्यांना २ लिटरचीच बाटली चालेल, तोंड आणखी लहान असलं तरी चालेल. आडवी, वाळूला टेकवून, आत खाण्याची बुडणारी गोळी घाला. लाइट गेल्यावर तासभर, समोर बसून. ते एकमेकांच्या मागे जातात, एक शिरला की रांग लागते.

कोल्हापुरी_बार्ब
शेवाळराव, एंजलच्या जखमांचं बघा आता. पाणी स्वच्छ ठेवा, आठवडाभर थोडं थोडं बदला. चट्टे भरून येतात. पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर वेगळ्या टँकमधे काढून औषध. एंजल काढायला जाळी चालते, ते अजागळ आहेत.

शेवाळराव
एंजल आजच खुशीत दिसतायत, समोर येऊन खातायत. आणि काचेवर हिरवं यायला लागलं तर आता कोण खाणार हा प्रश्न आहेच.

टॉर्चबाई
तो तसाही खात नव्हता हो, एंजल खात होता. लाइट एक तास कमी करा आणि काच खरवडायला तेच लायब्ररीचं कार्ड वापरा.